साठ सेकंदांची मुदत

घरच्या संगणकाला नवी दुरुस्ती घालावयास बसावें आणि पडद्यावर “जोडणी होऊं शकली नाहीं” एवढेंच उत्तर यावें, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस असेल. अशा वेळीं मनुष्य तेंच बटण पुन्हां पुन्हां दाबतो, तार हालवून पाहतो आणि अखेर यंत्राच्या नांवानें बोटें मोडतो. परंतु जोडणी तुटणें हा नेहमींच रोग नसतो. कित्येकदां तें रोगाचें लक्षण असतें. ज्या प्रसंगानें जगाला हें शिकविलें, त्या २००३ सालच्या ऑगस्ट महिन्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. संगणकाच्या कार्यप्रणालींतील दोष झांकणाऱ्या दुरुस्तीला आपण ठिगळ म्हणूं. पूर्वीं अशीं ठिगळें फ्लॉपीवर किंवा सीडीवर घरीं येत. १९९८ सालीं विंडोज ९८ बरोबर मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘विंडोज अपडेट’ ही सोय काढली आणि ठिगळ थेट इंटरनेटवरून घेतां येऊं लागलें. सोय मोठी, पण तींत एक मेख होती. ज्या तारेनें औषध यावयाचें, त्याच तारेनें रोगहि येऊं शकत होता.

१६ जुलै २००३ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोज २००० व एक्सपी या प्रणालींतील एक गंभीर दोष जाहीर केला. ‘लास्ट स्टेज ऑफ डिलिरियम’ नांवाच्या पोलंडमधील संशोधक मंडळीनें तो हुडकून काढला होता. एका संगणकानें दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची जी व्यवस्था असते, तींत हें भगदाड होतें. ठिगळहि त्याच दिवशीं मिळूं लागलें. पण असंख्य घरांतून तें लावलेंच गेलें नाहीं. तहान लागल्यावांचून विहीर कोण खणतो? चार आठवडे लोटले नाहींत तोंच, ११ ऑगस्ट रोजीं, ‘ब्लास्टर’ नांवाचा किडा पसरूं लागला. टपाल उघडावयास नको, कांहीं उतरवून घ्यावयास नको. ठिगळ नसलेला संगणक उघड्या दारानें इंटरनेटला जोडला कीं पुरे.

मग लोकांची धांव ठिगळाकडे सुरू झाली, आणि येथेंच खरी अडचण उभी राहिली. घाला पडलेल्या एक्सपी संगणकावर एक चौकट येई आणि ६० पासून उलटे आंकडे मोजूं लागे. शून्य होतांच यंत्र बंद होऊन पुन्हां सुरू होई. आतां हिशेब पाहा. तेव्हां पुष्कळ घरीं टेलिफोनचा मोडेम असे व त्याचा वेग फार तर सेकंदाला ५६ हजार बिट. एक मेगाबाइट म्हणजे सुमारें ८४ लक्ष बिट. तेवढें उतरावयास अडीच मिनिटें तरी हवींत. मुदत एका मिनिटाची! औषध उंबरठ्यावर येई आणि दार आपटे.

यांतून सुटका बटण अधिक जोरानें दाबून झाली नाहीं; कामाचा क्रम बदलल्यानें झाली. आधीं तार काढावयाची. मग एक्सपीमध्यें असलेली, पण सहसा बंद राहिलेली फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या आगंतुकांना अडविणारी भिंत, सुरू करावयाची. त्यानंतर तार जोडून ठिगळ आणावयाचें आणि शेवटीं किडा काढून टाकावयाचा. आम्हां शाळामास्तरांना हा क्रम परिचित आहे. बाहेर वरात वाजत असतां वर्गांत आवाज चढवून उपयोग नसतो. आधीं दार लावावें, मग धडा घ्यावा.

या कथेला एक उपकथाहि आहे. १६ ऑगस्टपासून ‘विंडोजअपडेट डॉट कॉम’ या पत्त्यावर सर्व बाधित संगणकांनीं एकदम तुटून पडावें, अशी योजना किड्यांत केलेली होती. पण तो पत्ता केवळ खऱ्या ठिकाणाकडे वाट दाखविणारी पाटी होता. मायक्रोसॉफ्टनें ती पाटीच उतरविली आणि वार वायां गेला. मात्र जो कोणी तोच पत्ता टंकी, त्याला जोडणी मिळेना. खरें दुकान तर शेजारींच उघडें होतें.

पुढें २००८ सालच्या नोव्हेंबरांत ‘कॉन्फिकर’ किडा आला, तो याहून धूर्त. बाकीचीं सर्व स्थळें उघडत. पण मायक्रोसॉफ्टचीं व विषाणुनाशक कंपन्यांचीं स्थळें तेवढीं उघडत नसत. रोगच वैद्याची वाट अडवून बसला होता.

ब्लास्टरनंतर व्यवस्था सुधारली. २००३ च्या ऑक्टोबरापासून ठिगळें दर महिन्याला ठरलेल्या दिवशीं निघूं लागलीं. २००४ च्या ऑगस्टांत एक्सपीची जी मोठी सुधारणा आली, तिनें ती भिंत आपोआप सुरू ठेवण्याची रीत घातली.

म्हणून, श्रोतेहो, जोडणी नाकारली गेली कीं रागावूं नये. तीन प्रश्न विचारावे. इतर स्थळें उघडतात काय? पत्ता बरोबर आहे काय? संगणकाची तारीख व वेळ खरी आहे काय? तारीख चुकली असेल तर सुरक्षित जोडणी तेवढ्यानेंच नाकारली जाते. आणि सर्व कांहीं उघडून दुरुस्तीचेंच दार तेवढें बंद असेल, तर किड्याचा संशय धरावा, तार काढावी आणि निरोगी संगणकावरून औषध आणावें. लक्षण वाचावयास शिकलेल्या माणसाला साठ सेकंदांची मुदतहि पुरते. न शिकलेल्याला महिनाहि अपुरा पडतो, हें २००३ च्या त्या जुलै-ऑगस्टानें दाखवून दिलें आहे.