मालेगावचा ‘शोले’ आणि आपल्या हसण्याचा इतिहास

महाराष्ट्रातील मुस्लिम समाजाचा इतिहास लिहिला जातो तेव्हा त्यात सूफी-संत येतात, शाहीर येतात, स्वातंत्र्यलढा येतो आणि शेवटी दंगली येतात. हा समाज हसला कधी, कशावर हसला, याची नोंद मात्र क्वचितच होते. मालेगावच्या बाबतीत ही उणीव अधिकच जाणवते. ऑक्टोबर २००१ची दंगल, ८ सप्टेंबर २००६ रोजी शब-ए-बारातच्या जुम्म्याला झालेले बॉम्बस्फोट, २९ सप्टेंबर २००८चा भिकू चौकातील स्फोट. या तीन तारखांच्या पलीकडे बाहेरच्या माणसाला हे शहर फारसे ठाऊक नसते. त्याच दशकात त्याच शहरात काही मित्र ‘शोले’ आणि ‘सुपरमॅन’ यांच्या मालेगावी आवृत्त्या काढत होते. तोही इतिहासच आहे.

मालेगाव हे विणकरांचे शहर. १८५७च्या उठावानंतर उत्तर भारतातून परागंदा झालेली मोमीन कुटुंबे येथे स्थिरावली. हातमागांची जागा पुढे यंत्रमागांनी घेतली. आठवडाभर खडखडाट आणि शुक्रवारी सुट्टी, अशी येथील कामगाराची दिनचर्या. जुम्म्याची नमाज, मग सिनेमा. मागाच्या आवाजात शेजाऱ्याचे बोलणेही ऐकू येत नाही. त्यामुळे दिवसभर तुंबलेल्या गप्पा पाळी सुटल्यावर चहाच्या हॉटेलात मोकळ्या होत. त्यातला मोठा वाटा सिनेमाचा. पाहिलेला चित्रपट पुन्हा सांगायचा, संवाद म्हणून दाखवायचे, नायकाच्या चुका काढायच्या, हा तिथला जुना छंद.

या छंदाला कॅमेरा दिला तो नासीर शेख यांनी. ते व्हिडिओ पार्लर चालवीत. हिंदी-इंग्रजी चित्रपटांबरोबर चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे मूकपटही त्यांच्या पाहण्यातले. संकलन ते कुठल्या संस्थेत शिकले नाहीत. चित्रफिती पुढे-मागे करीत ते हाताला वळण लागले. लेखक फरोग जाफरी, अक्रम खान, अभिनेता शफीक असे मित्र जमले आणि २००० साली ‘मालेगाव के शोले’ आला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. रमेश सिप्पींच्या १९७५च्या ‘शोले’तील दरोडेखोर घोड्यांवरून येतात. मालेगावचे सायकलींवरून आले. क्रेन परवडणारी नव्हती, म्हणून बैलगाडीला कॅमेरा बांधून तो वर उचलला. प्रेक्षक खदखदून हसला, कारण पडद्यावर गाव त्याचे होते आणि गरिबीही त्याचीच होती.

याला ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण मराठी साहित्याने विडंबनाला मान दिलेला आहे. आचार्य अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि विडंबनाला आपल्याकडे प्रतिष्ठा मिळाली. उर्दूतही पॅरोडीची परंपरा समृद्ध आहे. मूळ कृती तोंडपाठ असल्याशिवाय तिची थट्टा करता येत नाही. हेटाळणी अज्ञानातून होते, विडंबन मात्र जिव्हाळ्यातून. छापील पुस्तकात ज्याला आपण वाङ्मयप्रकार म्हणतो, तोच यंत्रमाग कामगाराने केला तर ती टवाळी कशी ठरते?

आणखी एक धागा लक्षात घेण्याजोगा आहे. दादासाहेब फाळके याच नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना स्त्री कलाकार मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंखे यांनी तारामती साकारली. नव्वद वर्षांनंतर मालेगावच्या मित्रांपुढेही तीच अडचण होती. शहरातील मुली पडद्यावर येत नसत, नायिका बाहेरगावाहून आणावी लागे. फाळक्यांच्या वेळी हा अडसर समाजातील प्रतिष्ठेचा होता, येथे मोहल्ल्याच्या प्रतिष्ठेचा. ज्या हास्यात निम्म्या समाजाला फक्त घरातून सहभागी होता येते ते अपुरेच आहे, हेही कौतुकाबरोबर सांगितले पाहिजे.

या चित्रपटांची भाषा अभ्यासण्यासारखी आहे. ती पुस्तकी उर्दू नाही आणि मुंबईच्या सिनेमातली हिंदीही नाही. तिच्यात मराठी आणि खानदेशी मुरलेली आहे. उर्दूच्या वर्गात एखाद्याने ती लिहिली तर आम्ही शिक्षक तांबड्या शाईने खूण करू. पण घरी हीच भाषा बोलणाऱ्या मुलाला आपली बोली पडद्यावर ऐकू येते तेव्हा तिची लाज वाटेनाशी होते. हे काम कोणत्याही पाठ्यपुस्तकाला साधलेले नाही.

पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. हा सुपरमॅन तंबाखूच्या व्यसनाशी झुंजतो. यंत्रमागावर राबणारा किडकिडीत शफीक त्यात उडाला, तोही हिरव्या कापडासमोर. पडद्यावर तंबाखूला हरवणाऱ्या या तरुणाचा २०११ साली तोंडाच्या कर्करोगाने मृत्यू झाला. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती २०१२च्या जुलैत. मोहल्ल्यातील किती तरी घरांची हीच कहाणी आहे.

फैझा अहमद खान यांनी या धडपडीवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २०१२ साली भारतातील चित्रपटगृहांत लागला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २०२५च्या फेब्रुवारीत आला. ज्यांनी मुंबईच्या सिनेमाची मालेगावी आवृत्ती काढली, त्यांचीच आवृत्ती अखेर मुंबईने काढली! आज शहरांतील मित्रमंडळी ध्वनिमुद्रकासमोर बसून जुन्या चित्रपटांची फिरकी घेतात, त्याला पॉडकास्ट म्हणतात. मालेगावकरांनी ते चहाच्या टेबलावर आधीच सुरू केले होते.

मुंबईने काढलेली आवृत्ती टिकेल, तिच्यामागे भांडवल आहे. मूळ कृतींचे काय? चित्रफिती बुरशी धरतात, सीडीवर ओरखडे पडतात. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फाळक्यांच्या शेजारी ‘मालेगाव के शोले’ची स्वच्छ प्रत असली पाहिजे, आणि त्यासाठी आग्रह आपणच धरला पाहिजे. २००६च्या स्फोटांत गोवलेल्या मुस्लिम आरोपींना न्यायालयाने २०१६ साली दोषमुक्त केले. त्यांच्यावरील आरोपांची कागदपत्रे सरकारी दप्तरात सुरक्षित राहतील. त्याच शहराने त्याच काळात केलेल्या विनोदाची नोंद ठेवणे मात्र कुणाचेही सरकारी कर्तव्य नाही. ते आपले आहे.