वसईचें तुफान आणि डहाणूचे धक्के

इ. स. १६१८ च्या मे महिन्यांत वसईवर भयंकर तुफान आलें. समुद्र गांवांत शिरला, ख्रिस्तमंदिरांचे माथे उडाले, सुमारें २००० माणसें दगावलीं, असें जुने वृत्तान्त सांगतात. पुढें कांहीं याद्यांनीं या उत्पाताची गणना भूकंपांत केली. वाऱ्याचें वर्णन वाचतां ती पटत नाहीं. अशा नोंदीवरून प्रदेशाचा धोका कसा मोजावा?

नोव्हेंबर २०१८ पासून वसईच्या उत्तरेस, डहाणू-तलासरी भागांत, लहान धक्क्यांची मालिकाच लागली. या वेळीं मात्र हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनें तेथें भूकंपमापकें बसविलीं. धक्क्यांचीं केंद्रें उथळ निघालीं. म्हणूनच किरकोळ धक्क्यासही जमिनींतून गडगडाट ऐकूं येई. १ फेब्रुवारी २०१९ चा मोठा धक्का अवघा ४.१ रिश्टरचा, पण त्या दिवशीं घराबाहेर धांवतांना पडून एक चिमुरडी गेली. भिंतींचा भरंवसा नुरल्यानें कित्येक कुटुंबें त्या थंडींत तंबूंत निजूं लागलीं.