पाठलागाचा गुन्हा (परभणी जिल्हा)

स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दर्शविल्यानंतरही तिच्या मागे जाणे, वारंवार संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट व ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे, हा भारतीय कायद्यानुसार पाठलागाचा गुन्हा होय. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ लागू आहे.

पहिल्या अपराधास ३ वर्षांपर्यंत कारावास असून तो जामीनपात्र आहे. पुन्हा दोषी ठरल्यास शिक्षा ५ वर्षांपर्यंत वाढते व गुन्हा अजामीनपात्र होतो. खरी अडचण येथेच आहे: पहिल्या वेळचा आरोपी लवकरच सुटतो आणि पुष्कळदा त्याच गावात, त्याच गल्लीत परततो. अशा वेळी शांतता राखण्याचे बंधपत्र घेता येते. उपद्रव गंभीर असल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये २ वर्षांपर्यंत हद्दपारीही करता येते.

राज्यातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे परभणीतही पोलिसांचे दामिनी पथक आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते. जिंतूरहून परभणीस शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थिनीस हद्दीचे कारण देऊन परत पाठविता येत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट (जि. वर्धा) येथे पाठलाग करणाऱ्याने एका प्राध्यापिकेस पेटविले, आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला. त्याच वर्षी मांडलेले शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये संमत केले, परंतु त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.