शेजारप्रीतीची पायरी : लक्ष्मीबाई टिळक यांची आत्मिक वाटचाल

शेजाऱ्यावर प्रीती करावी, ही प्रभू येशू ख्रिस्ताची आज्ञा आपणांस लहानपणापासून पाठ असते. ती अंगी बाणण्यास मात्र अनेक वर्षे लागतात. स्नानसंस्काराने आत्म्यात प्रीतीचे बीज पडते; त्याची वाढ रोजच्या व्यवहारात, कित्येकदा स्वतःच्या स्वभावाशी झगडूनच होते. ही वाढ कशी घडते हे पाहण्यासाठी आम्ही नाशिकच्याच एका ख्रिस्ती स्त्रीचे उदाहरण येथे घेत आहोत.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ, गोदाकाठच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. वडील सोवळ्याओवळ्याचे कमालीचे कर्मठ. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येऊ नये, असा त्यांचा दंडक. अकराव्या वर्षी मनूचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा या पत्नीवर आकाश कोसळले. काही वर्षे पती-पत्नी दुरावली. पुढे लहानग्या दत्तूला घेऊन त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे, वेगळा स्वयंपाक आणि वेगळे पाणी त्यांनी सोडले नाही. ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती, हे ध्यानात ठेवावे.

बदल घडला तो वादविवादाने नव्हे. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि मनाला पटलेले उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, 1900 साली. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. शेजाऱ्याच्या हातचे पाणी आधी, संस्काराचे पाणी नंतर! संत योहानाच्या पहिल्या पत्रात दिसणाऱ्या बंधूवर प्रीती न करता न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असा जो विचार आहे, तो त्यांनी असा जगून दाखविला. पुढे परक्यांची मुले त्यांच्या घरी वाढली. नगरला प्लेगच्या छावणीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली.

टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट होते. मग कॅथलिक वाचकांपुढे त्यांचे उदाहरण कशाला, असे कोणी विचारील. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात आपल्या विभक्त बंधूंमधील ख्रिस्ती गुण आनंदाने मान्य करण्यास सांगितले आहे, हेच आमचे उत्तर. शिवाय आपल्या परंपरेतील लिजूच्या संत तेरेजाचा अनुभवही याच जातीचा आहे. मठातील एका भगिनीविषयी त्यांना स्वाभाविक नावड होती. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना आरंभिली, छोट्या छोट्या सेवा केल्या व हसतमुखाने बोलणे चालू ठेवले. मन अनुकूल होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीही 2005 च्या आपल्या पहिल्या परिपत्रकात प्रीती ही भावनेपुरती नसते. तिच्यात बुद्धी आणि इच्छाशक्तीही गुंतलेल्या असतात, असे प्रतिपादिले आहे.

आपल्या धर्मग्रामांत निरनिराळ्या समाजांतून आलेली कुटुंबे एकाच वेदीभोवती जमतात. परंतु सोयरिकीचा विषय निघाला, की 'तुम्ही मूळचे कोण?' हा प्रश्न अजून ऐकू येतो. मिस्सेत शांतीची खूण देणारा हात जेवणाच्या पंगतीत आखडतो. पापनिवेदनापूर्वी विवेकाची तपासणी करताना हा विषय सहसा आठवत नाही. तो आठवावा, अशी आमची विनंती आहे.

लक्ष्मीबाईंचे निधन 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथेच झाले. त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले. त्यात स्वतःच्या हट्टीपणावर त्या इतक्या मोकळेपणाने हसतात, की वाचकास आपलेही सोवळे दिसू लागते. हा ग्रंथ कोणत्याही चांगल्या वाचनालयात मिळतो. उपवासकाळात घरातील सर्वांनी मिळून रोज थोडा थोडा वाचण्यासारखा आहे.