प्रक्षुब्ध मिश्रण आणि अरबी समुद्राचे खोल अभिसरण

लहानमोठ्या भोवऱ्यांमुळे निरनिराळ्या घनतेचे पाणी एकमेकांत मिसळते, त्यास प्रक्षुब्ध मिश्रण म्हणतात. बादलीतल्या गार पाण्यावर बंबाचे कढत पाणी हळूच सोडले, तर ते वरच तरंगते. हात घालून ढवळल्याशिवाय आंघोळीचे पाणी होत नाही. अरबी समुद्राचेही तसेच आहे. वरचे पाणी सुमारे 28 अंश सेल्सिअस, तर चार हजार मीटर खोलीवरचे दोन अंशांच्या आसपास.

हे तळाचे गार पाणी अंटार्क्टिकाकडून येते. मादागास्करच्या उत्तरेकडील अमिरांते खिंडीतून ते सोमाली खोऱ्यात शिरते आणि ओवेन विभंग क्षेत्रातून कार्ल्सबर्ग पर्वतरांग ओलांडून अरबी खोऱ्यात उतरते. पुढे उत्तरेला जमीन आहे. आलेल्या पाण्याला परतायचे तर वर चढलेच पाहिजे, आणि जड पाणी आपणहून वर चढत नाही. वरची उष्णता ढवळून खाली पोचली की ते हलके होते. ही ढवळाढवळ थांबली, तर पाण्याचा हा फेरा, म्हणजे खोल अभिसरणही मंदावेल. तांबड्या समुद्राचे अतिखारट, जड पाणी तर अरबी समुद्राच्या दाराशीच ओतले जाते, पण वाटेत हलके पाणी मिसळत गेल्याने तळ गाठण्याआधीच, सहाशे ते आठशे मीटरच्या सुमारास पसरते.

समुद्रवैज्ञानिक वॉल्टर मंक यांनी 1966 मध्ये या मिश्रणाचा सरासरी दर सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर असा काढला. 1990 च्या दशकातील मोजणीत मोकळ्या समुद्रात तो त्याच्या जेमतेम दहावा हिस्सा भरला. खडबडीत तळावर मात्र कित्येक पटींनी जास्त. भरती-ओहोटीचे पाणी बुडालेल्या डोंगरांवर आदळून अंतर्गत लाटा उठतात आणि त्या फुटतात, तिथे खरे ढवळणे होते. मंक आणि कार्ल वुन्श यांच्या 1998 च्या अंदाजाप्रमाणे जगभर यासाठी सुमारे 20 लाख मेगावॉट शक्ती लागते; निम्मी भरती-ओहोटीची, निम्मी वाऱ्याची.

अरबी समुद्रातले हे ढवळणे मोजायचे, तर 1966 मध्येच स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावला येथे आहे. ‘सिंधु साधना’ हे तिचे संशोधन जहाज. समुद्रात आपोआप वर-खाली होत मोजणी करणारे आर्गो तरंगक बहुधा दोन हजार मीटरपर्यंतच उतरतात. त्याखालचे भोवरे मोजायला जहाजावरून उपकरण सोडावे लागते, आणि एकेका ठिकाणी कित्येक तास जातात. मान्सूनसाठी वरच्या थराची जेवढी आस्थेने मोजणी होते, तेवढी या तळाचीही व्हायला हवी.