जबड्याच्या सांध्याचे विकार

खालचा जबडा कवटीला जोडणारे दोन सांधे आणि अन्न चावण्याचे स्नायू यांच्याशी निगडित वेदना व हालचालीतील बिघाड यांच्या समूहास जबड्याच्या सांध्याचे विकार असे म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत त्यांना टेम्पोरोमँडिब्युलर विकार किंवा संक्षेपाने टीएमडी हे नाव आहे. हा एकच आजार नसून दुखणे स्नायूंचे आहे, सांध्यातील चकतीचे आहे की हाडांच्या झिजेचे, यावर उपचार ठरतो. हे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि साधारणतः २० ते ४० या वयोगटात अधिक आढळतात.

रचना व कार्य

हा सांधा कानाच्या छिद्राच्या लगेच पुढे असतो. तेथे बोट ठेवून तोंड उघडल्यास त्याची हालचाल जाणवते. खालच्या जबड्याच्या हाडाचा गोलसर माथा कानशिलाच्या हाडातील खोबणीत बसतो व दोहोंमध्ये तंतुमय चकती असते. तोंड थोडे उघडताना माथा जागच्या जागी फिरतो. पूर्ण उघडताना तो चकतीसह पुढे सरकतो. निरोगी प्रौढ व्यक्तीचे तोंड सुमारे ४० ते ५० मिलिमीटर उघडते, म्हणजे स्वतःची तीन बोटे उभी धरून समोरच्या दातांमध्ये सहज मावतात.

चकती पुढे घसरलेली असल्यास तोंड उघडताना माथा तिच्यावर पुन्हा चढतो आणि ‘कट्’ असा आवाज येतो. असा आवाज अनेक निरोगी माणसांतही असतो. वेदना किंवा अडथळा नसेल, तर केवळ आवाजासाठी उपचाराची गरज नसते. चकती पुढेच अडकून राहिली, तर मात्र तोंड पुरेसे उघडत नाही.

लक्षणे व निदान

कानापुढे, गालात किंवा कानशिलात दुखणे, चावताना वेदना वाढणे, सकाळी जबडा ताठरणे आणि डोकेदुखी ही नेहमीची लक्षणे होत. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या त्रिशाखी मज्जातंतूमुळे वेदना दुसरीकडे जाणवते. त्यामुळे रुग्ण कान किंवा दाढ दुखत असल्याचे सांगतो आणि प्रसंगी निरोगी दाढेचे रूट कॅनाल होते किंवा ती काढली जाते. निदान मुख्यतः विचारपूस व हाताने केलेल्या तपासणीवर अवलंबून असते. चकती पाहण्यासाठी एमआरआय उपयुक्त असला, तरी तो प्रत्येकाला लागत नाही.

तोंड कमी उघडण्याचे कारण नेहमी सांधाच असते असे नाही. महाराष्ट्रासह भारतात सुपारी व गुटखा खाणाऱ्यांमध्ये तोंडाचे अस्तर तंतुमय होऊन आखडते. हा कर्करोगपूर्व विकार असल्याने तो ओळखणे महत्त्वाचे ठरते. अक्कलदाढेचा संसर्ग व धनुर्वातातील दातखीळ हीही कारणे संभवतात. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखू लागला आणि त्याबरोबर नवी डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घ्यावी लागते. उशीर झाल्यास अंधत्व येऊ शकते. श्रमाने वाढणारे जबड्याचे दुखणे हृदयविकाराचेही असू शकते.

कारणांविषयीचा वाद

अमेरिकेतील सेंट लुईस येथील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ साली मागील दात गमावल्याने सांध्यावर दाब येतो, अशी उपपत्ती मांडली. तिची शारीररचनात्मक बाजू पुढे टिकली नाही. मात्र दातांची ठेवण हेच मूळ कारण मानून निरोगी दात घासून ‘जुळवण्याची’ प्रथा दीर्घकाळ चालली. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रुग्णांचे दात घासल्याचा केवळ देखावा करण्यात आला, तरी निम्म्याहून अधिक रुग्णांना जवळपास पूर्ण आराम पडला. घासलेला दात परत मिळत नाही, हे लक्षात घेता हा निष्कर्ष बोलका आहे. आज इजा, झोपेत दात खाणे, मानसिक ताण, अपुरी झोप, आनुवंशिकता व वेदनेविषयीची वाढलेली संवेदनशीलता या सर्वांचा एकत्रित विचार केला जातो.

उपचार

बहुतेक रुग्णांना साध्या उपायांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत बरे वाटते. दिवसा दातांवर दात दाबून ठेवण्याची सवय मोडणे हा त्यातील सर्वांत दुर्लक्षित उपाय होय. एरवी ओठ मिटलेले, पण दात एकमेकांपासून किंचित सुटे असावेत. काही दिवस मऊ आहार घ्यावा, ऊस, चिक्की, सुपारी व च्युइंगगम टाळावे, जांभई येताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा आणि दुखऱ्या स्नायूंना कोमट शेक द्यावा. जिभेचे टोक टाळूला टेकवून तोंड सावकाश उघडण्याचा व्यायाम भौतिकोपचार तज्ज्ञाकडून शिकून करता येतो.

२०२३ साली ‘बीएमजे’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी दीर्घकालीन वेदनेसाठी देखरेखीखालील जबड्याचे व्यायाम, हाताने दिलेले उपचार आणि बोधात्मक वर्तनोपचार यांची शिफारस केली. रात्री दातांवर बसवायची पट्टी सर्रास दिली जाते. ती दातांचे घर्षणापासून रक्षण करते. वेदना कमी करण्याबाबतचा तिचा पुरावा मात्र कमकुवत आहे. दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या पट्ट्यांविरुद्ध आणि चकती काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेविरुद्ध या तत्त्वांनी ठाम मत दिले आहे.

शस्त्रक्रिया मोजक्या रुग्णांनाच लागते. १९८० च्या दशकात अमेरिकेत खराब चकतीच्या जागी टेफ्लॉनयुक्त कृत्रिम चकत्या बसवल्या जात. चावण्याच्या दाबाखाली त्यांचा चुरा होऊन त्याच्या कणांमुळे लगतचे हाड झिजू लागले. १९९०-९१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिल्यावर त्या मागे घेण्यात आल्या, परंतु अनेक रुग्णांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. सध्या संपूर्ण सांधा बदलण्यासाठी धातू व पॉलिथिलीनचे कृत्रिम सांधे वापरले जातात. सांधा हाडाने जखडलेला किंवा पूर्ण नष्ट झालेला असेल, तेव्हाच त्यांचा विचार होतो.