तिळावरचा काटा

तोक्योतल्या आसाकुसा देवळासमोरच्या नाकामिसे गल्लीत शिरलं की पोटाची सोय चांगली होते. साच्यातून निघालेले गरम निंग्यो-याकी, निखाऱ्यावर भाजून सोया सॉस फासलेले तांदळाचे सेंबे, सगळं हातात घेऊन खाण्याजोगं. पण मराठी माणूस अडतो तो गोळ्या-मिठायांच्या दुकानापाशी. समोर गुलाबी, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या काटेरी दाण्यांच्या पुड्या लटकत असतात. अहो, हा तर संक्रांतीचा हलवा! रंग जरा भडक, बाकी काटा न् काटा तोच.

याला म्हणतात कोम्पेइतो. नावाची गोष्ट जपानात शाळकरी पोरालाही ठाऊक असते: मूळ शब्द पोर्तुगीज, कॉन्फेइतो. 1569 साली लुईश फ्रोइश या जेझुइट पाद्र्यानं क्योटोत ओदा नोबुनागाला काचेच्या बरणीतून ही मिठाई नजर केली. कास्तेला केक आणि तेम्पुराही त्याच पोर्तुगीज खात्यावर मांडले जातात. इथवर सगळं सरळ आहे.

मला अडवलं ते एका जुन्या पुस्तकातल्या तिळानं. इहारा साइकाकू हा ओसाकाचा लेखक. व्यापारी लोक पैसा कसा करतात आणि कसा घालवतात, यावर त्यानं 1688 मध्ये गोष्टी छापल्या. त्यातला नागासाकीचा एक गरीब माणूस कोम्पेइतोचं गुपित शोधत असतो. चिनी व्यापाऱ्यांना विचारतो, ते दाद लागू देत नाहीत. शेवटी त्याचं त्यालाच उमगतं की आत तीळ आहे. तीळ साखरेच्या पाकात शिजवायचे, काही दिवस वाळवायचे, मग कढईत पसरून मंद ऊब द्यायची. ऊब लागेल तशी साखर तिळातून बाहेर फुटते. एक शो तिळाचे, म्हणजे जेमतेम पावणेदोन लिटरचे, दोनशे किन कोम्पेइतो होतात. आजच्या हिशेबानं सव्वाशे किलोच्या आसपास. माणूस गबर झाला आणि पुढे हे काम घरोघरच्या बायकांच्या हातात गेलं, असंही साइकाकू सांगतो.

घरोघरच्या बायका, तीळ आणि मंद ऊब! हे वाचून आपल्याकडचं कुणीही चमकेल.

आता युरोपातल्या पाकवलेल्या दाण्यांच्या पोटात काय असे ते पाहा: बडीशेपेच्या जातीचं अनीस, धणे, कॅरावे, बदाम. मग नागासाकीत तीळ आला कुठून? माझं म्हणणं असं, की तो गोव्यात जहाजावर चढला. फ्रोइश लिस्बनहून थेट जपानला गेलेला नाही. 1548 मध्ये, सोळाव्या वर्षी, तो गोव्याला आला. तिथंच शिकला, 1561 मध्ये तिथंच पाद्री झाला आणि 1563 मध्ये जपानात उतरला. जपानकडे जाणारं पोर्तुगीज जहाजही गोव्याहूनच सुटे आणि मलाक्का, मकाव करत पुढे जाई. म्हणजे जहाजाची शिधासामग्री इथली, स्वयंपाकी बहुधा इथलेच. लिस्बनची मिठाई इथल्या हातात आली आणि पोटात धण्याऐवजी तीळ घालून पुढे गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: तीळ काय चीन-जपानात नव्हता? होता, भरपूर होता. साइकाकूच्या गोष्टीत गुपितही चिन्यांकडेच आहे. या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. मकावमधल्या चिन्यांना ते कुणी शिकवलं, एवढाच उलट प्रश्न मी विचारतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो: हलवाच मुळात वसईच्या फिरंग्यांकडून आपल्याकडे आला असेल तर? सोवळ्यानं तो रोखला असता असं समजू नये. बटाटा उपासाला चालतोच की. पण मग ख्रिस्ती घरांत त्याची खूण राहायला हवी होती. नाताळच्या कुसवारात नेवऱ्या असतात, कुलकुल असतात, दोदोल असतो. काटेरी दाणा मी त्या ताटात पाहिलेला नाही. तो सापडतो देशावरच्या घरात, बोरन्हाणाच्या बाळाच्या गळ्यात, नव्या सुनेच्या बांगड्यांत. शिवाय त्याचं नाव अरबी. (सारखा हलवावा लागतो म्हणून हलवा, ही व्युत्पत्ती ऐकायला झकास, पण तिचा उपयोग तेवढाच.) इराण-अफगाणिस्तानात बदामावर पाक चढवलेलं खडबडीत नुक्ल आजही मिळतं. तेव्हा मला दिसतं ते असं: अरबांची विद्या एका वाटेनं स्पेन-पोर्तुगालात गेली, दुसऱ्या वाटेनं दख्खनच्या दरबारांत आली आणि गोव्यात दोघी बहिणींची गाठ पडली.

तिसरा प्रतिस्पर्धी मात्र तगडा आहे. तेरादा तोराहिको हा जपानी पदार्थविज्ञानवेत्ता कोम्पेइतोच्या काट्यांनी झपाटलेला होता. सगळ्या बाजूंनी सारखाच पाक बसतो, तर दाणा गुळगुळीत गोल का होत नाही, असा त्याचा प्रश्न. योगायोगानं कुठं किंचित उंचवटा आला की तोच पुढे वाढत जातो, या दिशेनं त्यानं उत्तर शोधलं. मग कुणी म्हणेल, काटा हा साखरेचाच गुण. जिथं परात तापेल तिथं तो आपोआप फुटेल, त्याला जहाज कशाला हवं?

असं म्हणणाऱ्यानं जानेवारीतल्या थंड पहाटे शेगडीपुढे बसावं. निखाऱ्यावर राख, वर परात, परातीत मूठभर तीळ. दूध घालून मळी काढलेला पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक जास्त पडला तर गठ्ठे होतात. आच वाढली तर साखर भुकटी होऊन परातीला बसते. हवा दमट असली तर काटा रुसतो. क्योटोत 1847 पासून कोम्पेइतोच करणारं र्योकुजुआन शिमिझू नावाचं घराणं आहे. तिरप्या, फिरत्या तापल्या कढईत एक घाणा पंधरा-वीस दिवस चालतो. ऋतू बदलला की पाकही बदलतो आणि तो ठरवायचा दाण्यांच्या आवाजावरून. हात बसायला वीस वर्षं लागतात असं ते सांगतात. दाण्याच्या पोटात मात्र आता तीळ नसतो, चिकट तांदळाचा रवा असतो. म्हणजे माझा एकुलता एक साक्षीदार त्यांनीच फितवला.

तरीही जी गोष्ट शिकवणारा शेजारी असताना जमायला वीस वर्षं लागतात, ती दोन ठिकाणी दोघांना आपली आपणच सुचली, हे काही माझ्या गळी उतरत नाही.